आईस फिशिंगसाठी स्कीवाली स्लेड घरी कशी बांधायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की मिनेसोटातल्या मराठी मंडळींचे मेसेज सुरू होतात. कुणी नुकतंच घर घेतलंय, घराजवळ तळं आहे, ऑफिसातल्या सहकाऱ्याने एकदा आईस फिशिंगला नेलंय आणि आता स्वतःचं सामान जमवायचंय. त्यात स्लेडबद्दलची विचारणा सगळ्यांत जास्त. जुन्या डाउनहिल स्कीच्या जोडीवर लाकडी सांगाडा बसवलेल्या या घरगुती गाडीला इकडे ‘स्मिटी स्लेड’ म्हणतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सगळ्या उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे: गाडी परतीच्या वाटेसाठी बांधा. सकाळी ताज्या दमाने माणूस काहीही ओढतो. डिसेंबरात मिनियापोलिसला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर समोरून वारा असताना आणि ओला, जड झालेला तंबू लादलेला असताना जी गाडी तुम्हाला किनाऱ्यापर्यंत साथ देईल, ती चांगली.

१. स्लेड लागतेच कशाला? एक बादली आणि पाठीवर सॅक, एवढं पुरणार नाही का?

किनाऱ्यापासून शंभर पावलांवर, बर्फात भोक पाडायचा, हाताने फिरवायचा ऑगर घेऊन दोन तास बसणार असाल तर पुरेल. पहिल्या मोसमात तेवढंच करा, असं मी सांगेन.

पण सामान वाढत जातं. बॅटरीवरचा ऑगर साधारण १० किलोचा. दोन-तीन माणसांचा तंबू १२ ते १५ किलोंचा. हीटरसाठी २० पौंडी प्रोपेनचा भरलेला सिलिंडर घेतलात तर तो एकटाच सुमारे ३७ पौंड, म्हणजे जवळजवळ १७ किलो. त्यात मासे दाखवणारं सोनार यंत्र, खुर्च्या, गळ, मिनोची (आमिषाच्या छोट्या जिवंत माशांची) बादली आणि खाणं-पिणं. बघता बघता ५० किलो होतात. एवढं सामान पाठीवर घेऊन निसरड्या बर्फावर चालणं धोक्याचं आहे. ते मागून ओढत नेलं तर पडलात तरी एकटेच पडता, सामान अंगावर येत नाही.

२. दुकानात काळ्या प्लॅस्टिकच्या खोलगट स्लेड मिळतात. मग स्कीवाली कशासाठी?

प्लॅस्टिकची स्लेड वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण तिचं अख्खं पोट जमिनीला घासतं. वारा लागून स्नो, म्हणजे बर्फावर पडलेला हिमाचा थर, कडक झालेला असेल, वरचा थर खडबडीत झाला असेल किंवा स्नोमोबिलच्या मागे पडलेल्या खाचा असतील, तर प्रत्येक उंचवट्यावर ती अडते. नितळ बर्फावर उलटा त्रास. तिला धारच नसल्यामुळे वारा आला की ती आडवी सरकते आणि तुम्हाला बाजूला खेचते.

स्कीला खालून गुळगुळीत तळ असतो आणि दोन्ही कडांना पोलादी पट्टी. तळामुळे ती सहज सरकते, कडांमुळे सरळ रेषेत चालते. सामान पाच-सहा इंच वर राहतं, त्यामुळे पोटाला स्नो लागत नाही. बहुतेक लोक शेवटी दोन्ही एकत्र वापरतात: खाली स्कीचा सांगाडा, वर प्लॅस्टिकची स्लेड पट्ट्यांनी बांधलेली. ताज्या, खोल स्नोमध्ये मात्र हिशोब बदलतो, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

३. कोणत्या स्की घ्यायच्या? क्रॉस-कंट्रीच्या चालतील का?

क्रॉस-कंट्रीच्या नकोत. त्या अरुंद आणि लवचीक असतात, एका माणसाचं वजन पुढे ढकलण्यासाठी बनवलेल्या. त्यात स्क्रू धरायला मटेरियलही कमी असतं.

डाउनहिलच्या घ्या आणि जितक्या जुन्या पद्धतीच्या मिळतील तितकं बरं. साधारण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या स्की जवळपास सरळ असायच्या. त्यानंतर मध्ये बारीक आणि टोकांना रुंद अशा आकाराची चलती झाली. हा आकार वळण घेण्यासाठी आहे आणि आपल्याला वळण नको, सरळ चाल हवी. सरळ स्की मिळाल्याच नाहीत तर नव्या आकाराच्याही चालतात, फक्त जोडी एकाच लांबीची आणि शक्यतो एकाच मॉडेलची असू द्या.

लांबी १६० ते १८० सेंटिमीटर. त्याहून लांब स्की वळवताना त्रास देतात आणि गाडीत मावत नाहीत.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, कडेने बोट फिरवा. थर सुटत असतील तर नखाला फट लागते, अशी स्की ठेवून द्या. दुसरी, तळ उजेडाकडे धरून पाहा. ओरखडे चालतील, पण आतलं लाकूड किंवा पोलादी कडेचं मूळ दिसेल इतकी खोल खाच नको. तिसरी, टोक आणि शेपूट धरून हलकेच वाकवा. करकर आवाज आला तर आतला गाभा गेलेला आहे. कडेवरचा वरवरचा गंज काही बिघडवत नाही, सँडपेपरने जातो.

४. अशा स्की मिळतात कुठे? आणि एकूण खर्च किती?

गुडविलसारखी थ्रिफ्ट दुकानं, फेसबुक मार्केटप्लेस, शेजाऱ्यांचे गराज सेल आणि शरद ऋतूत शाळा किंवा स्की क्लब भरवतात ते जुन्या सामानाचे बाजार. एप्रिल-मेमध्ये लोक गराज साफ करतात तेव्हा स्की फुकटसुद्धा मिळतात. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग, जुनी झाल्यामुळे दुकानं त्या स्की भाड्याने देऊ शकत नाहीत, आणि आपल्याला बाइंडिंग काढूनच टाकायची असते.

बाकी लाकूड, नट-बोल्ट, पट्ट्या आणि गोंद. घरात ड्रिल असेल तर सगळं मिळून दुकानातल्या मध्यम आकाराच्या प्लॅस्टिक स्लेडच्या आसपास किंवा त्याहून कमी खर्चात होतं.

५. साहित्य आणि अवजारांची यादी द्याल का?

स्कीची जोडी. ‘टू बाय सिक्स’ लाकडाची ८ फुटी एक फळी. आडव्या पट्ट्यांसाठी ‘वन बाय फोर’च्या दोन ८ फुटी फळ्या. लोखंडी एल आकाराचे अँगल आठ. पाव इंची चपट्या डोक्याचे बोल्ट, वॉशर आणि नायलॉनचे लॉकनट. डेक स्क्रू, एपॉक्सी, बाहेरच्या हवेला टिकणारा लाकडाचा गोंद. अवजारांत ड्रिल, काऊंटरसिंकचा (बोल्टचं डोकं आत बसावं म्हणून भोकाचं तोंड रुंद करणारा) बिट, करवत, गुण्या, मोजपट्टी आणि दोन-चार क्लँप.

लाकडाच्या नावावर जाऊ नका. इथे ‘टू बाय सिक्स’ म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेपाच इंच असते, आणि ‘वन बाय फोर’ म्हणजे पाऊण इंच बाय साडेतीन इंच. नकाशा काढताना खरी मापं धरा, नाहीतर सगळे सांधे अर्ध्या इंचाने चुकतात. मेनार्ड्स किंवा होम डेपोत फळ्या निवडताना एक डोळा मिटून लांबीच्या दिशेने बघा आणि पिळलेली फळी बाजूला ठेवा. पिळलेल्या फळीवर दोन स्की कधीच एका पातळीत येत नाहीत.

६. मापं काय ठेवू?

१७० सेंटिमीटरच्या स्कीसाठी माझं ठरलेलं माप असं: प्रत्येक स्कीवर उभी केलेली ‘टू बाय सिक्स’ची फळी, ४० ते ४२ इंच लांब. पुढचं टोक तिरकं कापलेलं. एका ८ फुटी फळीत दोन्ही बसतात. दोन स्कींमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २२ ते २४ इंच. वर ‘वन बाय फोर’च्या पाच-सहा आडव्या पट्ट्या, मध्ये मोकळी जागा ठेवून.

वर अखंड प्लाय ठोकू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. प्लाय जड होतो, त्यावर स्नो साचतो, तो वितळून पुन्हा गोठतो आणि परत येताना तुम्ही बर्फाची लादी ओढत असता. पट्ट्यांमधून स्नो खाली पडून जातो.

उंची वाढवायचा मोह होईल. साडेपाच इंच पुरतात. उंची वाढली की भरलेली गाडी तिरक्या जागी कलंडते. रुंदी वाढवून ते सावरता येतं, पण मग ती पायवाटेत आणि गाडीच्या डिकीत मावत नाही.

बाइंडिंग काढलेल्या स्कींसकट रिकामा सांगाडा १५ किलोंच्या आत बसायला हवा. त्याहून जड झाला तर कुठेतरी गरजेपेक्षा जास्त लाकूड लागलंय.

७. लाकूड स्कीला नेमकं कसं जोडायचं? स्क्रू खालून बाहेर आला तर?

बहुतेक गाड्या इथेच फसतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

स्की सगळीकडे सारखी जाड नसते. बूट बसतो तिथे, म्हणजे मधल्या भागात, ती सर्वांत जाड आणि मजबूत असते. टोकांकडे पातळ होत जाते. बाइंडिंगचे स्क्रूसुद्धा स्कीमध्ये साधारण ९ मिलिमीटरच जातात आणि दुकानातले कारागीर त्यासाठी खोली अडवणारा खास बिट वापरतात. तुमच्या साध्या बिटला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून तेवढीच खूण करा.

आधी बाइंडिंग काढा. त्या स्क्रूंना बहुतेक वेळा पोझिड्राइव्ह पद्धतीची खाच असते. साधा फिलिप्स घुसवला तर डोकं झिजतं, म्हणून योग्य बिट लावून जोर देऊन फिरवा. स्क्रू अडला तर त्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट टेकवा, आतला गोंद सैल होतो. निघालेली भोकं लगेच एपॉक्सीने बुजवा. उघडी राहिली तर पाणी गाभ्यात जातं, गोठतं, फुगतं आणि स्कीचे थर आतून सुटतात.

आता जोडणी. फळीच्या दोन्ही बाजूंना एल अँगल लावा, पुढे एक जोडी आणि मागे एक जोडी. हे अँगल स्कीवर नुसत्या स्क्रूने धरू नका, आरपार बोल्ट घाला. बोल्ट खालून वर येतो, चपटं डोकं तळाकडे आणि लॉकनट वर अँगलवर. तळाच्या बाजूने काऊंटरसिंक इतका करा की डोकं तळाच्या पातळीपेक्षा साधारण १ मिलिमीटर आत राहील. बोल्ट घालण्याआधी भोकाच्या आतल्या भिंतीला एपॉक्सी लावा. नट आवळल्यावर डोक्यावरची ती उथळ वाटी पी-टेक्स (स्कीच्या तळाचं प्लॅस्टिक) वितळवून भरा आणि थंड झाल्यावर पात्याने तासून सपाट करा. बोटाने तपासा, तळावरून बोट कुठेही अडकता कामा नये.

काही स्कींमध्ये अॅल्युमिनियमसारखा पत्रा असतो. ड्रिल घसरलं किंवा चंदेरी कीस आला की समजा पत्रा लागला. वेग कमी करा आणि पंचने आधी खूण ठोका.

एक बारकावा: स्की मोकळी ठेवली तर तिचा मध्य जमिनीपासून थोडा उचललेला असतो. फळी जोडताना क्लँपने स्की फळीला दाबून सपाट करा आणि मग बोल्ट आवळा. फळी स्कीच्या टोकापर्यंत नेऊ नका. पुढचा वळलेला भाग मोकळा राहिला की तो उंचवट्यावर लवतो आणि धक्का सांगाड्यापर्यंत पोचत नाही.

८. गोंद आणि एपॉक्सी वाळतच नाही. काय चुकतंय?

बहुतेक जागा चुकतेय. डिसेंबरातलं न तापवलेलं गराज एपॉक्सीसाठी फार थंड असतं. साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली बरीच एपॉक्सी नीट पक्की होत नाहीत, चिकट राहतात. काम बेसमेंटमध्ये करा किंवा निदान स्की रात्रभर घरात आणून ठेवा, कारण थंड स्कीवर लावलेला गोंदही थंडच पडतो. डब्यावर लिहिलेलं तापमान पाळा आणि चोवीस तास हात लावू नका.

९. गाडी सारखी एका बाजूला ओढते. का?

स्की समांतर नाहीत. पुढच्या टोकांमधलं अंतर आणि शेपटांमधलं अंतर मोजा, दोन्ही सारखं हवं. मग कर्ण मोजा: डाव्या स्कीच्या पुढच्या बोल्टपासून उजव्या स्कीच्या मागच्या बोल्टपर्यंत, आणि उलट. कर्ण जुळले तर सांगाडा चौकोनात आहे. अर्ध्या इंचाचा फरकसुद्धा जाणवतो, कारण दोन स्की मग एकमेकींशी भांडत चालतात आणि त्या भांडणाचा भार तुमच्या कमरेवर येतो.

हे दुरुस्त करायला सोपं जावं म्हणून आडव्या पट्ट्या आधी एकेका स्क्रूवर बसवा, मोजा, सांगाडा हाताने सरळ करा आणि मगच दुसरा स्क्रू मारा. पहिल्या आणि शेवटच्या पट्टीखाली कोपऱ्यात लाकडाचे त्रिकोणी तुकडे लावा. उभ्या फळ्या बाजूला झुकण्याचा धोका तिथेच असतो.

सगळं जुळलेलं असूनही ओढ असेल तर सामान एका बाजूला जास्त आहे.

१०. दोरी बांधू की दांडा लावू?

सपाट तळ्यावर दोरी पुरते. अडीच ते तीन मीटर लांब ठेवा. दोरी आखूड असेल तर ओढताना स्लेडचं नाक वर उचललं जातं, तुमची अर्धी ताकद ते उचलण्यात जाते. दोरी पुढच्या आडव्या पट्टीला दोन ठिकाणी बांधा, व्ही आकारात. स्कीच्या टोकांना भोक पाडून बांधू नका, तिथे मटेरियल पातळ असतं.

हाताने ओढण्यापेक्षा कमरेला रुंद पट्टा लावा. हात मोकळे राहतात आणि एका हातात बर्फ तपासायची लोखंडी पहार धरता येते. पट्ट्याला एका झटक्यात सुटणारं बकल हवंच, त्याचं कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

किनाऱ्यावरचा उतार असेल किंवा नितळ बर्फ असेल तर दांडे बरे. दोरी थांबवत नाही, तुम्ही थांबलात की गाडी येऊन टाचांवर आदळते. दोन हलके धातूचे किंवा फायबरग्लासचे दांडे पट्ट्यापासून गाडीपर्यंत फुलीच्या आकारात लावले की वळताना गाडी मागोमाग वळते. पांढरे पीव्हीसी पाइप स्वस्त पडतात, पण कडक थंडीत ठिसूळ होतात. दांडे नसतील तर उतारावर एका स्कीखालून जाड दोरी आडवी घाला, तेवढा ब्रेक पुरतो.

११. सामान कसं लादायचं?

जड वस्तू खाली आणि मध्याच्या किंचित मागे, म्हणजे स्कीची टोकं हलकी राहतात आणि स्नोवर चढतात. ऑगर, सिलिंडर आणि बॅटरी तळाशी. तंबू त्यावर, खुर्च्या सर्वांत वर. ऑगरच्या पात्यांना कव्हर असल्याशिवाय तो गाडीवर ठेवू नका.

सगळं रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळा. ताणाच्या रबरी दोऱ्या थंडीत ढिल्या पडतात.

मिनोचं पाणी परतताना कमी होतं, ही चांगली गोष्ट. मिनेसोटात तळ्याचं पाणी आमिषाच्या डब्यातून बाहेर नेता येत नाही, ते तिथेच ओतायचं आणि मिनो जगवायचे असतील तर घरून आणलेलं पाणी घालायचं. आक्रमक जातींचा प्रसार रोखण्यासाठी हा नियम आहे आणि तो मनापासून पाळावा.

१२. फूटभर ताजा स्नो पडलाय. स्की खाली रुतते. आता?

साधं गणित पाहा. १७० सेंटिमीटर लांब आणि सरासरी साडेसात सेंटिमीटर रुंद अशा दोन स्कींचा तळ साधारण अडीच हजार चौरस सेंटिमीटर भरतो. १२० बाय ६० सेंटिमीटरच्या प्लॅस्टिक स्लेडचा तळ सात हजारांच्या वर. तेवढंच वजन तिच्यावर जवळजवळ तिप्पट जागेत पसरतं. त्यामुळे खोल, भुसभुशीत स्नोमध्ये प्लॅस्टिक जिंकतं.

म्हणून सांगाडा आणि प्लॅस्टिकची स्लेड वेगळी करता येईल अशी ठेवा. स्नो खोल असेल त्या दिवशी नुसती प्लॅस्टिकची न्या. मला विचाराल तर पावडरसाठीच्या रुंद स्की शोधत बसू नका. त्या महाग असतात, आणि तळ्यावर वारा एवढा असतो की दोन-तीन दिवसांत बराचसा स्नो दाबला तरी जातो किंवा उडून तरी जातो.

१३. स्कीला मेण लावायला हवं का? उणे २५ मध्ये गाडी वाळूवर ओढल्यासारखी वाटते.

मेण लावा. मोसमाच्या सुरुवातीला तळ स्वच्छ करून स्कीचं ग्लाइड वॅक्स इस्त्रीने पसरवा आणि थंड झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा. घरची कपड्यांची इस्त्री वापरलीत तर ती पुन्हा कपड्यांसाठी वापरू नका.

वाळूसारखं वाटणं हा भास नाही. स्की सरकते ती घर्षणाने तळाखाली तयार होणाऱ्या ओलसर थरामुळे. तापमान फार खाली गेलं की तो थर नीट तयार होत नाही आणि स्नोचे कण टणक, धारदार राहतात. अशा दिवसांसाठी कडक, थंड हवेचं मेण मिळतं, त्याने फरक पडतो. तरीही उणे २५ला नेहमीचं वजन नेहमीच्या वेळात जाणार नाही. सामान कमी करा, जवळ बसा.

गाडी घरातून थेट उबदार तळासकट स्नोवर ठेवू नका. खाली स्नो वितळतो, चिकटतो आणि गोठतो. दहा-पंधरा मिनिटं आडवी, तळ वर करून बाहेर ठेवा.

१४. स्नोच्या खाली पाणी लागतं, स्की गोठून चिकटतात. त्याचं काय?

जाड स्नोच्या वजनाने बर्फ दबतो, भेगांमधून पाणी वर येतं आणि स्नोखाली लपून राहतं. स्कीवाल्या गाडीचा खरा फायदा इथे दिसतो, कारण सामान वर राहतं आणि पाण्यात फक्त स्की असतात. पण मध्येच थांबू नका. थांबलात की तळाला लागलेला पाण्याने भिजलेला स्नो दोन मिनिटांत गोठतो.

मुक्कामाच्या जागी पोचल्यावर स्कीखाली दोन लाकडी तुकडे सरकवून गाडी उचलून ठेवा. निघताना तळावर बर्फ दिसला तर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. कुदळीने किंवा पहारीने मारू नका, तळ फाटतो.

१५. स्लेड ओढायची तर बर्फ किती जाड हवा?

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं, म्हणजे डीएनआरचं सांगणं आहे की नव्या, स्वच्छ, निळसर बर्फाची जाडी ४ इंचांपेक्षा कमी असेल तर त्यावर जाऊच नका. चालत जायला किमान ४ इंच, स्नोमोबिलसाठी ५ ते ७ इंच. पांढरट बर्फाची ताकद जवळपास निम्मी असते, तिथे जाडी दुप्पट धरा. आणि कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो, हेही त्यांचंच वाक्य.

स्लेडमुळे एक फायदा होतो. वजन पाठीवर नसतं, ते तुमच्यापासून अडीच-तीन मीटर मागे असतं, म्हणजे एका जागी भार पडत नाही. पण हे ४ इंचांच्या खाली जायचं कारण होऊ शकत नाही.

चालताना पहारीने पुढे ठोका, दर थोड्या अंतरावर भोक पाडून जाडी मोजा. झरे, नाल्यांची तोंडं, पुलाखालची जागा आणि पाण्यात हवा सोडण्याची यंत्रं लावलेली तळी इथे बर्फ अचानक पातळ होतो. बर्फात रोवून पाण्यातून वर यायचे टोचे गळ्यात घाला, स्लेडवर ठेवले तर पाण्यात पडल्यावर ते तुमच्या हाताला लागणार नाहीत. कमरेचं बकल झटक्यात सुटणारं हवं ते याचसाठी. पाण्यातून बाहेर येताना ५० किलोंची गाडी कमरेला अडकलेली असता कामा नये. घरी बसून, मोजे घालून, डोळे मिटून ते बकल उघडायचा सराव करा. आणि एकट्याने जाऊ नका, निदान नवीन असेपर्यंत तरी.

१६. फ्लिप-ओव्हर तंबू या सांगाड्यावर चढवून तसाच उघडता येईल का?

नेता येईल, उघडू नये. मागून पुढे उलटवून उघडायच्या या तंबूचा तळ ही स्वतःच एक प्लॅस्टिकची स्लेड असते. ती पाच-सहा इंच वर राहिली तर तंबूचा घेर बर्फापर्यंत पोचत नाही, खालून वारा शिरतो आणि हीटर निरुपयोगी ठरतो. पोचल्यावर तंबू सांगाड्यावरून मागे सरकवून खाली उतरवा. त्यासाठी मागच्या आडव्या पट्टीची वरची कड गोल तासून ठेवा, एकट्याला उतरवता आणि चढवता येतं.

रिकामा सांगाडा तंबूच्या आडोशाला, उलटा करून ठेवा. स्कीवर उभा ठेवला तर जोराचा वारा त्याला तळ्याच्या पलीकडे घेऊन जाऊ शकतो.

तंबूत हीटर लावणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सामानात कायमचा असू द्या.

१७. मुलं स्लेडवर बसायचा हट्ट करतात. बसवू का?

या गाडीवर नको. ती उंच आहे, खाली पोलादी कडा आहेत आणि सामानात सिलिंडर आणि ऑगर आहे. मुलांसाठी जमिनीला टेकलेली वेगळी प्लॅस्टिकची स्लेड न्या आणि ती दुसऱ्या मोठ्या माणसाने ओढावी. बसून राहिलेलं मूल चालणाऱ्या माणसापेक्षा खूप लवकर गारठतं. त्यामुळे त्याला थोडं अंतर चालवा, थोडं ओढा.

१८. सासरे जानेवारीत भारतातून येणार आहेत. त्यांना बघायचंय, पण त्यांचे गुडघे दुखतात. या गाडीवर खुर्ची बांधली तर?

खुर्ची बांधू नका. उंचावर बसलेला माणूस गाडी कलंडली की थेट कमरेवर पडतो आणि त्या वयात ते महागात पडतं.

त्यांना घेऊन मिल लॅक्स किंवा लेक ऑफ द वूड्स या मोठ्या तळ्यांवर जा. तिथली रिसॉर्टं बर्फावरच्या तापवलेल्या खोल्या भाड्याने देतात आणि पाहुण्यांना त्यांच्या गाडीतून दारापर्यंत नेऊन सोडतात. आत बाकावर बसून, भोकातून वॉलाय किंवा सॉगर मासा वर येताना त्यांना नीट बघता येईल. घरी आणलेल्या माशाला हळद, मीठ, तिखट आणि रवा लावून तव्यावर तळलं की त्यांच्या लक्षात ती सहल राहीलच. स्लेड घेऊन तुम्ही दुसऱ्या दिवशी जा.

१९. स्नोमोबिल किंवा एटीव्हीला जोडून ओढता येईल का?

दोरीने कधीच नाही. वाहन थांबलं की स्लेड मागून येऊन आदळते, वळताना बाहेर फेकली जाते. कडक दांडा, पिनवाली कडी आणि सगळीकडे आरपार बोल्ट असतील तर चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने नेता येईल. पण वर दिलेली रचना माणसाने ओढण्यासाठी आहे. स्नोमोबिलच्या वेगात कडक स्नोच्या लाटांवर लाकडी सांधे दोन-चार फेऱ्यांत हलतात. त्यासाठी पोलादी सांगाडा करा किंवा जाड प्लॅस्टिकची टो-हिचवाली स्लेड विकत घ्या.

२०. मिनीव्हॅनमध्ये मावेल का? अपार्टमेंटमध्ये राहतो, ठेवायलाही जागा नाही.

१७० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ६७ इंच. सिएना किंवा ओडिसीच्या मागच्या सीट दुमडल्या की आरामात मावते. सेडान असेल तर आडव्या पट्ट्या स्क्रूऐवजी बोल्ट आणि विंगनटने बसवा. मग दोन स्की फळ्यांसकट वेगळ्या होतात आणि पट्ट्यांची जुडी वेगळी. हातमोजे घालून फिरवता येतील एवढे मोठे विंगनट घ्या. प्रश्न ९ मधले त्रिकोणी तुकडे मात्र फळ्यांना पक्के ठेवा, म्हणजे परत जोडताना काटकोन आपोआप येतो.

अपार्टमेंटमध्ये दोन स्की दाराआड उभ्या राहतात. उन्हाळ्यात ठेवण्याआधी कडा कोरड्या पुसा आणि तळावर मेणाचा जाड थर न खरवडता तसाच सोडा.

२१. पार्किंगपासून तळ्यापर्यंत रस्त्यावर स्नोच नसतो, वर मीठ आणि वाळू. स्की खराब होतील ना?

होतील. डांबरावर शंभर पावलं ओढली तर तळाचं मेण जातं आणि वाळूचे ओरखडे उठतात. जुन्या लहान मुलांच्या बाबागाडीची चाकं आसासकट काढून मागच्या पट्टीखाली बसतील अशी खाच करा, पुढचं टोक हाताने उचलून चाला. किनाऱ्यावर चाकं काढून गाडीत ठेवा. दोघं असाल तर सरळ उचलून न्या.

२२. तंबू बर्फावरच ठेवून रात्री घरी आलो तर चालेल का? परवाने कोणते लागतात?

मिनेसोटात वयाची १६ वर्षं पूर्ण झालेल्या जवळपास प्रत्येकाला मासेमारीचं लायसन्स लागतं. हिवाळ्यात बर्फातून मासेमारी करताना एका माणसाला दोन गळ टाकता येतात. दुमडता येणारा तंबू तुम्ही सोबत असेपर्यंत वेगळ्या परवान्याशिवाय चालतो, तो बर्फावर तसाच सोडून निघून जाणार असाल तर शेल्टरचं लायसन्स लागतं. रात्रभर ठेवायचा तर सगळ्या बाजूंनी रिफ्लेक्टर हवेत, अंधारात स्नोमोबिलवाल्याला तो दिसला पाहिजे. स्लेडच्या मागच्या पट्टीलाही रिफ्लेक्टरची टेप लावा.

कचरा आणि सांडपाणी बर्फावर टाकणं कायद्याने बंद आहे, म्हणून सामानात एक झाकणाची रिकामी बादली न्या. मोसमाच्या तारखा तळ्यानुसार आणि माशानुसार बदलतात. त्या दरवर्षी डीएनआरच्या पुस्तिकेत बघून घ्या. ऑन्टारियोत सिमको तळ्यावर जाणाऱ्यांना वरचे नियम लागू नाहीत, त्यांनी त्यांच्या प्रांताचे बघावेत.

२३. स्की मिळाल्याच नाहीत. दुसरं काही लावता येईल?

अर्धा इंच जाडीची एचडीपीईची पट्टी, तीन-चार इंच रुंद, फळीच्या खालच्या कडेला काऊंटरसंक स्क्रूने बसवा आणि पुढचं टोक हीटगनने तापवून वर वळवा. हे प्लॅस्टिक थंडीत चिवट राहतं आणि चांगलं सरकतं. पोलादी कडा नसल्याने नितळ बर्फावर ती बाजूला घसरेल. त्यासाठी पट्टीच्या बाहेरच्या कडेला अॅल्युमिनियमचा बारीक अँगल पाव इंचाहून कमी खाली येईल असा लावा.